दारात न जाणारी आशाताई: पर्वतीच्या उतारावरचं एक टीबी प्रकरण

(आशा कार्यकर्तींच्या प्रशिक्षणात चर्चेसाठी हे प्रकरण लिहिलं आहे. ओळख पटू नये एवढ्यापुरते कुटुंबाचे तपशील बदलले आहेत.)

पुण्यातल्या पर्वतीच्या उतारावरची एक वस्ती. खालच्या रस्त्यावरून वर चढायला लागलं की गल्ली अरुंद होत जाते, मग पायऱ्या लागतात. दोन्ही बाजूंना उंबरे इतके जवळ की कोण कुणाकडे गेलं, किती वेळ बसलं आणि हातात काय घेऊन बाहेर आलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. इथल्या आशाताई याच वस्तीत लग्न होऊन आल्या, त्यांची मुलं इथल्याच अंगणवाडीत गेली. नियमच तसा आहे, आशा त्या वस्तीत राहणारी हवी. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानात आशा नेमल्या गेल्या तेव्हा हजार लोकवस्तीमागे एक असा हिशेब होता. २०१३ च्या शहरी अभियानाने त्या शहरातल्या झोपडपट्ट्यांत आल्या आणि एका आशाकडे साधारण २०० ते ५०० घरं असा मेळ बसवला गेला.

हे प्रकरण त्या नियमाचं आहे. आशा वस्तीतलीच असल्यामुळे काय साधलं आणि वस्तीतलीच असल्यामुळे काय अडलं, ते एकाच घरात पाहायला मिळतं.

घरात पाच जण. आई सहकारनगरात धुणीभांडी करते. मुलगा रिक्षा चालवतो. सून घरी असते, तिचं बाळ एप्रिल २०२५ मध्ये सहा महिन्यांचं होतं. आणि बावीस वर्षांची मुलगी. ती लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानात कामाला. वडील काही वर्षांपूर्वी गेले. मुलीचं लग्न ठरत आलं होतं. भोर तालुक्यातलं स्थळ, मुलगा चाकणच्या कंपनीत. पाहण्याचा कार्यक्रम झालेला, देण्याघेण्याची बोलणी राहिलेली.

खोकला कसा सापडला

आशाताई त्या दिवशी गेल्या होत्या बाळासाठी. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात आशाने घरी जाऊन बाळाचं वजन, वरचं खाणं आणि लसी बघायच्या असतात. वरणाचं पाणी पाजू नको, घट्ट वरण-भात कुस्करून दे, वर थोडं तूप घाल, असं त्या सुनेला सांगत होत्या. पडद्यापलीकडे कुणीतरी खोकत होतं. सर्दीचा खोकला असा नसतो, असं त्यांना वाटलं. निघताना त्यांनी विचारलं, "मावशी, हिचा खोकला किती दिवसांचा?"

"दुकानात एसी आहे ना, आणि त्या साड्यांची धूळ. डॉक्टरांचं औषध चालू आहे."

औषध चालू होतं हे खरं. कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरांकडून दोनदा खोकल्याची बाटली आणि अँटिबायोटिकचा कोर्स झाला होता. खोकला दीड महिन्याचा होता, संध्याकाळी कणकण यायची, ब्लाउज सैल झाले होते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासायचा, हे आशांना पहिल्या प्रशिक्षणात शिकवतात. खासगी डॉक्टरांना ते ठाऊक नसतं असं नाही. पण शंभर रुपयांत पेशंटला आजच्या आज बरं वाटायला लावणं हा त्यांच्या धंद्याचा भाग आहे, आणि "तपासणीला जा" म्हणणारा डॉक्टर वस्तीत चालत नाही.

आशाताईंनी टीबीचं नाव काढलं नाही. "एकदा बेडका तपासून घेऊ, निघालं काही नाही तर उत्तमच" एवढंच म्हणाल्या आणि डबी दिली. दुसऱ्या दिवशी डबीत थुंकी आली, पातळ आणि फेसाळ. ती लॅबमध्ये गेली असती तर बहुधा निगेटिव्ह रिपोर्ट आला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. आशाताईंनी ती डबी पुढे दिली नाही. मुलीला सकाळी लवकर महापालिकेच्या दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत नेलं, चूळ भरायला लावली, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीतून खोकायला सांगितलं. एका खोलीच्या घरात, सहा महिन्यांच्या बाळाशेजारी, मुलीने बेडका काढायचा तरी कुठे, हा प्रश्न डबी देणाऱ्याने आधी विचारायला हवा. सार्वजनिक संडासाच्या रांगेत कुणी डबी घेऊन उभं राहत नाही.

नॅट मशीनवर, म्हणजे बेडक्यातले टीबीचे जंतू आणि त्यांना औषध लागू पडतं का हे शोधणाऱ्या यंत्रावर, तपासणी झाली. टीबी होता, पण रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारा. म्हणजे साधा सहा महिन्यांचा कोर्स पुरणार होता. वजन ४१ किलो. ३५ ते ४९ किलोच्या गटाला रोज तीन गोळ्या. पहिल्या टप्प्यात चार औषधं एकत्र असलेल्या गोळ्या ५६ दिवस, मग तीन औषधांच्या ११२ दिवस, एकूण १६८ डोस. मेच्या दुसऱ्या आठवड्यात उपचार सुरू झाले.

"ताई, तुम्ही आमच्या दारात येऊ नका"

हे मुलीची आई म्हणाली, आणि भांडणाच्या सुरात नाही, हात जोडून.

तिचं म्हणणं समजून घ्यायला हवं. वस्तीत आशाताईंच्या येण्याचे अर्थ ठरलेले आहेत. गरोदर बाई असेल तर त्या येतात. लहान बाळ असेल तर येतात. आणि ज्या घरात या दोन्हींपैकी काही कारण नसताना वारंवार येतात, तिथे "डॉट्सच्या गोळ्या", म्हणजे टीबीच्या गोळ्या, चालू आहेत हे वस्तीला कळतं. आधी एका रिक्षावाल्याच्या बाबतीत तसंच झालं होतं. तो बरा झाला, पण त्याच्या पाण्याच्या वेगळ्या ग्लासाची गोष्ट अजून सांगितली जाते. या घरात लग्नाची मुलगी. भोरच्या पाहुण्यांचे दूरचे नातेवाईक दोन गल्ल्या सोडून राहतात.

घरात बाळ होतं, म्हणजे आशाताईंना यायला कारण होतंच, असं कुणी म्हणेल. पण बाळाची पुढची भेट नवव्या महिन्यात, म्हणजे जुलैत. मधले अडीच महिने कारणाशिवाय चकरा मारल्या असत्या तर बायकांनी बरोबर हिशेब केला असता.

टीबी कार्यक्रमात पेशंटच्या सोबतीला एक उपचार-साथीदार असतो. डोस चुकत नाहीत ना, त्रास होत नाही ना, हे त्याने बघायचं. साधारणपणे ते काम आशाकडे जातं. कागदावर ते त्यांच्याकडेच गेलं. प्रत्यक्षात मात्र ठरलं असं की मुलगी महिन्याला दवाखान्यातून २८ दिवसांच्या गोळ्या स्वतः आणेल, आशाताई फोन करतील. आईच्या समाधानासाठी निघालेला हा तोडगा होता. दवाखान्यातल्या टीबी हेल्थ व्हिजिटरला तो पसंत नव्हता, आशाताईंनाही नव्हता, पण त्यावर अडून बसलं तर उपचारच सुरू होणार नाहीत अशी धास्ती होती. माझ्या मते ती धास्ती बरोबर होती.

फोनवर मुलगी रोज "घेतली" म्हणायची.

जुलैचा पहिला आठवडा

जूनमध्ये आशाताई जवळपास वस्तीत नव्हत्याच म्हणायच्या. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या तेव्हा आरोग्य पथकाच्या मदतीला जायचं होतं, त्यानंतर पावसाळी सर्व्हेच्या बैठका. वर्षाची सुरुवातच सर्व्हेने झाली होती. जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले आणि पुण्यात घरोघरी पाहणी सुरू झाली. एखादी साथ आली की आशांचं बाकीचं काम थांबत नाही, ते फक्त रात्रीवर जातं.

बाळाला नऊ महिने पूर्ण झाले आणि गोवर-रुबेलाच्या लशीसाठी सून दवाखान्यात आली. रांगेत ती आशाताईंच्या कानाशी लागली. "ताई, ती गोळ्या घेत नाही सगळ्या. कागदात गुंडाळून ठेवते. मी पाहिल्यात."

आशाताईंनी तिथल्या तिथे काही केलं नाही. संध्याकाळी मुलगी दुकानातून यायच्या वेळी त्या खालच्या रस्त्यावर, बसथांब्यापाशी थांबल्या. दोघी सारसबागेच्या बाजूला चालत गेल्या. बोलणं झालं ते तिथे. मुलीने सांगितलं ते असं:

सकाळी नऊला ती घरातून निघते. पोटात एक कप चहा. त्यावर तीन गोळ्या घेतल्या की बसमध्ये मळमळतं, दोनदा उलटी झाली. दुकानात दिवसभर उभं राहायचं, सांधे दुखतात. लघवी केशरी होते, ती पाहून पहिल्यांदा तिला वाटलं रक्तच जातंय. आणि जूनच्या शेवटी भोरची मंडळी चार दिवस मुक्कामाला होती. त्या चार दिवसांत पाकीट बाहेर काढणंच शक्य नव्हतं. मग वाटलं, चार दिवस नाही घेतल्या तरी काही झालं नाही, खोकलाही थांबलाय.

रिकाम्या पाकिटांवरून मोजलं तर १९ डोस राहिले होते.

इथे आशाताईंनी केलेली एक गोष्ट मी प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ती दिसायला अगदी साधी आहे. "मळमळतं, चालायचंच" असं त्या म्हणाल्या नाहीत. दिव्याखाली नेऊन मुलीचे डोळे पाहिले, पिवळे आहेत का. लघवीचा रंग केशरी की चहासारखा गडद, हे नीट विचारलं. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण याच गोळ्यांनी कधी यकृतावर परिणाम होतो, तेव्हा कावीळ दिसते, अन्नावरची वासना जाते, उलट्या थांबत नाहीत. पेशंटला दोन्हींत फक्त "लघवीचा रंग बदलला" एवढंच दिसतं. फरक ओळखण्यापुरतं शिक्षण आशाला असतं. उपाय ठरवण्याइतकं नसतं, आणि त्यांनी तो ठरवलाही नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला दुकानात अर्धा दिवस रजा टाकायला लावून त्यांनी तिला दवाखान्यात डॉक्टर मॅडमकडे नेलं.

रक्ताच्या तपासणीत यकृत ठीक निघालं. मॅडमनी गोळ्या रिकाम्या पोटी न घेता हलकं काही खाऊन घ्यायला सांगितलं आणि वेळ रात्रीची करून दिली. सांधेदुखी पहिल्या टप्प्यातल्या एका औषधाने असते, तो टप्पा संपला की कमी होईल, हे समजावलं. खंड महिन्यापेक्षा कमी होता. त्यामुळे कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागला नाही, राहिलेले डोस पूर्ण करून मगच पुढचा टप्पा असं ठरलं. पहिला टप्पा जुलैअखेरपर्यंत लांबला. त्यानंतरचा बेडका निगेटिव्ह आला.

या पंधरवड्यात मुलीला कुणी ओरडलं नाही, ही गोष्टही नोंदवायला हवी. "तुझ्यामुळे बाळाला होईल" हे वाक्य सगळ्यांच्या जिभेवर होतं. आशाताईंनी ते आईलाही बोलू दिलं नाही.

गल्ली सगळी, घर एक

आता खरा पेच. डोस चुकतात हे कळलं होतं, म्हणजे लक्ष ठेवायला हवं. आणि दारात जायची बंदी तशीच होती.

आशाताईंनी बंदी मोडली नाही. दोन गोष्टी केल्या.

पहिली, रोजचं बघणं सुनेकडे दिलं. कार्यक्रमात घरातला माणूस हे काम करू शकतो. सुनेने होकार दिला, पण तिचीही एक अट होती. "सासूबाईंना वाटायला नको की मी नणंदेच्या चुका काढते." म्हणून आशाताईंनी ते सासूकडूनच वदवून घेतलं. "मावशी, तुम्ही पहाटे कामाला जाता, रात्री दमून झोपता. हिला सांगा ना गोळ्यांकडे बघायला." सासूने सुनेला सांगितलं, सुनेने ऐकलं, घराची रीत राहिली. रात्रीचं जेवण झालं की नणंद-भावजय दोघी बाळाला झोपवायच्या निमित्ताने आतल्या बाजूला बसत, तेव्हा गोळ्या. रिकामी पाकिटं बाळाच्या लसीच्या कार्डाच्या पिशवीत.

दुसरी गोष्ट जास्त हुशारीची. जुलै म्हणजे डेंग्यूचा हंगाम. पाण्याचे पिंप, ड्रम, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या थाळ्या बघत घरोघरी फिरायचं काम आशांकडे असतंच. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करायची असतात. एरवी या पाहणीत जमेल तशी घरं घेतली जातात. आशाताईंनी त्या गल्लीतलं एकही घर न सोडता दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी पाहणी सुरू केली. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत प्रत्येक उंबऱ्यात पाच मिनिटं. पिंपात टॉर्च मारायचा, झाकण बघायचं, पुढे. त्या घरातही तीच पाच मिनिटं. सून लसीच्या कार्डाची पिशवी पुढे करायची, आशाताई कार्ड बघायच्या आणि पाकिटं मोजायच्या.

एका घरात वारंवार शिरलेलं दिसू नये म्हणून त्या सगळ्या घरांत शिरल्या. गल्लीत त्या पावसाळ्यात पिंप उघडी राहिली नाहीत, हा वरकड फायदा.

डोसची नोंद मोबाइलवरून करता येते, मेसेज पाठवता येतात, मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न प्रशिक्षणात एक तरी तरुण अधिकारी विचारतोच. या मुलीचा मोबाइल भाऊ, वहिनी, आई सगळे उचलत. शिवाय फोनवर ती दोन महिने रोज "घेतली" म्हणत होती, ते विसरून चालणार नाही. मोबाइल उत्तर घेतो. पोटात चहाशिवाय काही नाही, पाहुणे घरात आहेत, हे त्याला विचारता येत नाही.

चातुर्मास

बोलणी पुढे सरकत होती आणि आईला घाई झाली होती. मुलगी बारीक दिसते, पाहुण्यांनी काही विचारायच्या आत उरकून टाकू, असं तिच्या मनात. आशाताईंना मधल्या मध्ये ओढलं गेलं. "ताई, तुम्हीच सांगा, तिकडे सांगायचं का?"

आशाताईंनी उत्तर दिलं नाही. हे टाळणं होतं असं काहींना वाटतं. मला तसं वाटत नाही. पेशंटची माहिती पेशंटची असते, ती कुणाला सांगायची हे आशाने ठरवायचं नसतं, आणि लपवायला मदत करणं हेही तिचं काम नाही. त्यांनी आईला आणि मुलीला एकत्र डॉक्टर मॅडमपुढे बसवलं. मॅडम म्हणाल्या ते सरळ होतं: उपचार सुरू झाल्यावर संसर्ग लवकर कमी होतो, बेडका निगेटिव्ह आला आहे, पण कोर्स पूर्ण होईपर्यंत घर बदलणं, नव्या माणसांत जाणं, गरोदरपण, यातलं काही नको. नोव्हेंबरपर्यंत थांबा.

थांबायचं कारण पाहुण्यांना काय द्यायचं? ते पंचांगाने दिलं. ६ जुलैला आषाढी एकादशी झाली होती, चातुर्मास लागला होता. तुळशीच्या लग्नाआधी मुहूर्त नाहीत. आईनेच भोरला निरोप धाडला, "आता तुळशीची लग्नं झाल्यावर बघू." त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. एरवी सहा महिने लग्न पुढे ढकललं असतं तर दहा प्रश्न आले असते. या मुलीचे उपचार मेमध्ये सुरू झाले हा योगायोग होता. ते दिवाळीत सुरू झाले असते, तर काय केलं असतं, हे मी आशांना नेहमी विचारतो आणि त्यावर गटात सर्वांत जास्त वाद होतो.

चातुर्मासाने मदत केली तसा त्रासही दिला. श्रावणी सोमवार, मग हरतालिका. ठरलेल्या स्थळासाठी मुलीला हरतालिकेचा निर्जळी उपवास करायचा होता. वजन तोवर ४१ वरून ४३ वर आलेलं. उंचीच्या मानाने अजून फार कमी. आशाताई म्हणाल्या, "उपवास कर, पण रात्री गोळ्या पाण्याबरोबर घ्यायच्या आणि आधी केळं खायचं." मुलगी तयार होईना. शेवटी आईनेच निकाल दिला, "औषधाने उपवास मोडत नाही." वस्तीत हे वाक्य एका बाईने दुसरीला सांगितलं तर चालतं. तेच दवाखान्यातल्या भिंतीवरच्या पोस्टरने सांगितलं असतं तर चाललं नसतं.

खाण्याचं म्हणाल तर टीबीच्या पेशंटला पोषणासाठी सरकारकडून मिळणारी रक्कम २०१८ पासून महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० झाली. झारखंडमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात पेशंटच्या घरच्यांना पुरेसं धान्य-डाळ दिल्यावर त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झालं होतं, तेव्हा हा पैसा दानधर्मातला समजू नये. या घरात त्या पैशांतून अंडी, शेंगदाणे, गूळ आणि डाळ आली. श्रावणात अंडी बंद, तेव्हा शेंगदाण्याचं कूट वाढवलं. हा हिशेब सुनेने ठेवला.

बाळ, आई आणि भाऊ

घरात टीबीचा पेशंट असेल तर बाकीच्यांची तपासणी करायची, आजार नसेल तर तो होऊ नये म्हणून औषध द्यायचं. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हे सर्वांत महत्त्वाचं, कारण त्यांच्यात टीबी मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बाळाला बालरोगतज्ज्ञांनी तपासलं, आजार नव्हता, सहा महिन्यांचं रोजचं औषध सुरू झालं. हसत्या-खेळत्या बाळाला रोज गोळी विरघळवून पाजायची, हे सुनेला पटवायला वेळ लागला. पण एकदा पटल्यावर तिने एकही दिवस चुकवला नाही. ती स्वतः अंगावर पाजत होती, म्हणून तिच्या औषधाचं मॅडमनी वेगळं पाहिलं. आईने आठवड्यातून एकदा घ्यायचे १२ डोस पुरे केले.

भावाने नकार दिला. एक्स-रे काढला, तो साफ निघाला, पुढचं औषध घ्यायला तयार झाला नाही. "मला काही झालेलं नाही, मी गोळ्या खाणार नाही." आशाताई, सून, हेल्थ व्हिजिटर, सगळ्यांनी सांगून झालं. रिक्षा स्टँडवर कुणी पाहिलं तर, ही भीती असावी. तो आजतागायत औषधाविना आहे. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे नकार अशी नोंद आहे. हे प्रकरण यशस्वी म्हणून सांगताना ती ओळ वगळायची मला इच्छा नाही.

आशाताईंना काय मिळालं

टीबीची माहिती देऊन निदान झालं तर ५०० रुपये. कोर्स पूर्ण करून घेतल्यावर उपचार-साथीदाराचे १,०००. बाळाच्या प्रत्येक ठरलेल्या भेटीचे ५०. दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत घालवलेली सकाळ, बसथांब्यावरची संध्याकाळ, अर्ध्या दिवसाची सोबत, सासूकडून सुनेला सांगवून घेणं, यांपैकी कशालाही रकाना नाही. २०२३-२४ च्या हिवाळ्यात राज्यातल्या आशा संपावर होत्या, त्यानंतर मार्च २०२४ मध्ये सरकारने त्यांच्या मोबदल्यात महिना ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. वाढ मोठी होती. कामाची मोजणी मात्र अजून भेटींच्या आकड्यावर चालते. त्या मोजणीत या घरी "गृहभेटी कमी" असं दिसतं, आणि आढावा बैठकीत आशाताईंना त्याबद्दल विचारलंही गेलं.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० च्या दशकापासून गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी त्याच दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू परिसरात स्थानिक कार्यकर्ते तयार केले. गावातली बाई जे पाहू शकते ते बाहेरून आलेला डॉक्टर पाहू शकत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं. पण जी सगळ्यांना पाहते तिलाही सगळे पाहत असतात. वस्तीतली आशा नेमताना या दुसऱ्या बाजूचा विचार आपण प्रशिक्षणात फारसा शिकवत नाही. गुप्तता राखा, असं एक वाक्य सांगतो आणि पुढच्या पानावर जातो. कुणाच्या दारात कधी जायचं नाही, निमित्त कुठून आणायचं, आपलं काम घरातल्या कुणाकडे आणि कुणाच्या तोंडून सोपवायचं, हे या आशाताईंनी स्वतःच जुळवलं.

मी एक सूचना दोन बैठकांत मांडली: अशा प्रकरणांत शेजारच्या विभागातल्या आशाने पाठपुरावा करावा, ओळखीचा प्रश्न येणार नाही. आशांनी ती एकमुखाने नाकारली. "आमच्या बाईला ती ओळखत नाही, मग गोळ्या कागदात गुंडाळलेल्या तिला सांगणार कोण?" त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

मे महिन्यात

कोर्स नोव्हेंबरच्या मध्यावर संपला. शेवटचा बेडका निगेटिव्ह, वजन ४७. मुलीने दिवाळीच्या सुमाराला होणाऱ्या नवऱ्याला फोनवर स्वतः सांगितलं. आधी आशाताईंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या, "तुला वाटतं तर सांग, रिपोर्ट हाताशी ठेव." त्याने दोनच गोष्टी विचारल्या: कोर्स संपतोय ना, आणि रिपोर्ट बघू. तिने फोटो पाठवला. त्याच्या घरच्यांना अजून माहीत नाही, ते त्या दोघांनी आपसांत ठरवलंय. लग्न फेब्रुवारीत झालं.

उपचार संपल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पेशंटची विचारपूस आणि गरज पडली तर बेडका तपासणी करायची असते. पहिली पाळी मे २०२६ मध्ये येते. मुलगी आता भोरमध्ये, तिथे दुसरी आशा, दुसरं आरोग्य केंद्र. नियमाने पाहिलं तर माहिती तिकडे जायला हवी, म्हणजे नव्या सासरच्या उंबऱ्यात अनोळखी आशा आणि पुन्हा पहिला प्रश्न. आशाताईंनी मॅडमशी बोलून ठेवलंय. यंदा १७ मेपासून अधिक महिना लागतोय, लेक-जावई धोंड्याच्या जेवणाला माहेरी येणारच. वजन आणि बेडका त्याच वेळी पर्वतीच्या दवाखान्यात करायचा, हे मुलीने कबूल केलं आहे. भावाला तेव्हा पुन्हा एकदा एक्स-रेला न्यायचं, हेही आशाताईंनी यादीत लिहून ठेवलंय.